मदत मागणाऱ्याला नाही म्हणणं

मागास ग्रहावरच्या समाजात ढवळाढवळ करायची नाही, हा ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथांच्या टीव्ही मालिकांमधला ‘प्राइम डायरेक्टिव्ह’ नावाचा नियम मला मनापासून पटतो. ‘सुधारायला’ म्हणून आलेल्यांनी आपल्या पृथ्वीवर काय काय केलं ते आपण जाणतो. पण त्यांपैकीच ‘एंटरप्राइज’ मालिकेतला ‘डिअर डॉक्टर’ (२००२) हा भाग आठवला की अजूनही संताप येतो.

कथेच्या काळात तो नियम लिहिलाही गेलेला नाही, तर्क मात्र तोच. एका ग्रहावरच्या व्हॅलाकियन लोकांत जीवघेणा आजार पसरलाय आणि ते स्वतः यानातून मदत शोधत बाहेर पडलेत. ‘एंटरप्राइज’ यानावरच्या डॉक्टर फ्लॉक्सला कळतं की दोष जनुकांतच आहे, पुढेमागे अख्खी जमात संपणार. त्याला उपाय सापडतो. सापडतो! तरी तो म्हणतो, द्यायचा नाही. का, तर त्याच ग्रहावरच्या मेंक जमातीला हा आजार होत नाही आणि व्हॅलाकियन गेले तर मेंकांना वर यायला वाव मिळेल. कॅप्टन आर्चर आधी वाद घालतो, मग तेच मान्य करतो. त्रास कमी करणारं औषध हातावर ठेवून यान निघून जातं.

उत्क्रांतीने कुणासाठी काही योजून ठेवलेलं नसतं. मेंक उद्या पुढे जातीलच हे कुणी ठरवलं? आणि त्या अंदाजावर आज जिवंत असलेल्यांना मरू द्यायचं?

मेंकांवर अन्याय होतोय हे खरंच आहे. चांगली जमीन व्हॅलाकियनांकडे, मेंक उरल्यासुरल्या जागेत. मग उपाय देताना तो विषय काढा ना! जमिनीबद्दल बोला, मेंकांनाही बोलवा. ते कुणी केलंच नाही. मेंकांना तरी कुणी विचारलं, की शेजारी मेलेले चालतील का?

रशियन लेखक स्त्रुगात्स्की बंधूंच्या ‘हार्ड टू बी अ गॉड’ (१९६४) या कादंबरीत पृथ्वीवरून आलेला रुमाता वेश पालटून परग्रहावरच्या आर्कानार या मागास राज्यात राहतो. देवाला काय सल्ला द्याल, असं तो विद्वान बुदाखला विचारतो. बुदाख म्हणतो, सगळ्यांना पोटभर द्यावं. रुमाता म्हणतो, बलवान ते हिसकावून घेतील. प्रत्येक उत्तराचं असंच होतं. शेवटी बुदाख म्हणतो, मग आम्हाला आमच्या वाटेने जाऊ दे. हे त्याने स्वतः विचार करून सांगितलंय, म्हणून त्याचं ऐकायला हवं. व्हॅलाकियनांनी मात्र स्वतःहून उपाय मागितला होता.

फ्लॉक्सचं बरोबर होतं असं वाटणारे इथे कुणी असतील तर जरूर लिहा. मेंकांच्या बाजूचा नीट मांडलेला युक्तिवाद मला खरोखर वाचायचाय.