उच्च न्यायालयाची हद्द आखणाऱ्यांस काही सूचना

एखाद्या राज्याचे जिल्हे उच्च न्यायालयाच्या खंडपीठांत वाटून देण्याचे काम उद्या आपल्यावर आले, तर नकाशा आणि एसटीचे वेळापत्रक या दोन्ही वस्तू आधी खोलीबाहेर ठेवाव्यात. त्या हाताशी असल्या की अंतर मोजण्याचा मोह होतो, आणि अंतर मोजून आखलेली हद्द शाळकरी पोरालाही समजते. तिला भारदस्तपणा येत नाही. तो हवा असेल, तर एखाद्या राजाची जुनी थकबाकी शोधावी.

सिंदखेडराजाचेच पाहा. जिजाऊंच्या या जन्मगावाला जवळचे मोठे शहर जालना, आणि जालन्याच्या पुढे छत्रपती संभाजीनगर, जिथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. भोळा पक्षकार याचिका घेऊन तिकडेच निघेल. त्याला वाटेतच अडवावे आणि समजावून सांगावे, की बाबा, तू बुलढाणा जिल्ह्यातला, बुलढाणा वऱ्हाडातला, आणि वऱ्हाड निजामाने १८५३ मध्येच इंग्रजांच्या हवाली केले, कारण इंग्रजांच्याच हुकमतीखालच्या कंटिंजंट फौजेचा खर्च त्याच्या अंगावर थकला होता. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या भाडेपट्ट्यावर ते कायमचे इंग्रजांकडे गेले. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय आले. १९५६ मध्ये ते मध्य प्रदेशाच्या वाट्याला, म्हणजे जबलपूरला गेले आणि नागपुरात मुंबईचे खंडपीठ बसले. १९६० च्या कायद्याने विदर्भाचे जिल्हे त्याला कायमचे बांधून दिले. शेजारचे जालना मात्र निजामाकडेच राहिले आणि हैदराबादमार्गे महाराष्ट्रात आले. तेव्हा फौजेच्या त्या पगाराला स्मरून पक्षकाराने समृद्धी महामार्गावर चढावे, संभाजीनगरकडे पाठ करावी आणि तीनशेहून अधिक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे.

दुसरी सूचना अशी, की कायद्यात सोय आहे म्हणून ती लगेच वापरू नये. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार कायम खंडपीठासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. परंतु राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती आपल्या न्यायाधीशांना अन्यत्रही बसवू शकतात. मराठवाड्यासाठी ही सोय १९८१ मध्ये वापरली गेली, म्हणजे कायदा चांगला पंचवीस वर्षे मुरल्यानंतर. त्यावरही खटला झाला, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश वैध ठरवला आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. या खंडपीठाला नगर, धुळे आणि जळगाव हे जुन्या मुंबई इलाख्यातले जिल्हेही जोडलेले आहेत. म्हणजे अंतर मोजता येते हे कोणाला तरी ठाऊक होते; बुलढाण्यापाशी येऊन टेप संपली असावी. कोल्हापूरसाठी हेच कलम ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेर निघाले. तिथल्या वकिलांनी त्यासाठी दशकानुदशके आंदोलने केली होती. (पुणे अजूनही मुंबईलाच जाते. पुणेकर आणि प्रतीक्षा यांविषयी इथे अधिक लिहिणे योग्य नव्हे.)

आता सिंधुदुर्ग. गोव्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८२ मध्ये पणजीत सुरू झाले. सावंतवाडीहून पणजी साठेक किलोमीटर. पण सावंतवाडीचा पक्षकार २०२५ पर्यंत त्याच उच्च न्यायालयाच्या दारी पाचशे किलोमीटर प्रवास करून मुंबईला जात राहिला, कारण गोव्यावर पोर्तुगीज होते आणि सावंतवाडीवर भोसले. नव्या व्यवस्थेत त्याला कोल्हापूर मिळाले आहे, तेव्हा पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याने आंबोलीचा घाट चढावा. गोव्याचे खंडपीठ आता पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे, म्हणजे सावंतवाडीला आणखी जवळ आले आहे. ती इमारत त्याने एकदा अवश्य पाहून यावी; फक्त याचिका घरी ठेवून जावे.