उदगीरकर सरांना उत्तर: मन्मथ कुणाचा?

सर, शरणार्थ.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी चिडलो. रात्री जेवताना बायकोला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "निम्मं तर त्यांचंच खरं आहे की." म्हणून उत्तराला आठवडा लागला, आणि ते लांबलंही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात मी माझ्याच नावाबद्दल लिहिलं होतं. मन्मथ हे फार दुर्मीळ नाव, ते आम्हा लिंगायतांच्या संत मन्मथस्वामींवरून आलं, आणि शिवाला 'मन्मथारी' (मन्मथाचा शत्रू) म्हणतात त्याचं हे आखूड रूप असावं, असं सगळं त्यात होतं. त्यावर 'एक उदगीरकर' या सहीनं एका निवृत्त शिक्षकांनी मला चांगलंच धरलं. त्यांचं म्हणणं असं: नाव मुळीच दुर्मीळ नाही, त्यांच्या हजेरीपटावर दरसाल एखादा मन्मथ असायचाच. मन्मथ म्हणजे कामदेव. ज्याला महादेवानं जाळून भस्म केलं, त्याचं नाव शैव माणूस आपल्या लेकराला ठेवेलच कसा? खरं नाव 'मनमत', जुन्या कागदांवर तसंच सापडतं. नाहीतर ते संवत्सरावरून पडलेलं, कारण त्यांचे चुलते शके 1877 चे, आणि त्या वर्षी मन्मथ नाम संवत्सर होतं. शेवटी एक वाक्य: "पुण्यात गेल्यावर नावाची लाज वाटली म्हणून लेखकाने संत पुढे केले आहेत."

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो. लागलं ते तेच.

लाज वाटली होती, सर. 1997 ला इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. होस्टेलच्या खोलीत शाळेत संस्कृत शिकलेला एक जण होता. त्यानं पहिल्याच आठवड्यात अमरकोशातली, म्हणजे संस्कृतच्या जुन्या पद्यकोशातली, ओळ ठेक्यात म्हणून दाखवली, "मदनो मन्मथो मारः प्रद्युम्नो मीनकेतनः", आणि वर अर्थही सांगितला. पुढची चार वर्षं मेसमध्ये माझं काय झालं असेल ते तुम्ही मास्तर माणूस, ओळखून घ्या. मी लोकांना 'मनू' सांगायला लागलो. घरच्या फोनवर आजी "मन्मथ हाय का?" असं विचारायची, तेव्हा तो फोन दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून मी धावायचो.

पण संत मी नंतर शोधून आणलेले नाहीत. माझ्या आधी आजोबा मन्मथअप्पा होते. त्यांच्या आईनं, आधीची दोन लेकरं गेल्यावर, कपिलधारला, म्हणजे बीडकडच्या मन्मथस्वामींच्या समाधीला, बोललं होतं म्हणून त्यांचं ते नाव. माझा जन्म 1979 च्या कार्तिकातला, आजोबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे माझ्या नावावर घरात चर्चाच झाली नाही. पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. मदन, मार, मीनकेतन यांच्याशी तिचा काही संबंध नव्हता. तिला मांजरसुंब्याजवळचा तो डोंगर ठाऊक होता, तिथला धबधबा आणि समाधी ठाऊक होती. दर कार्तिकी पौर्णिमेला गावातून दिंडी निघायची. शिवनाम सप्ताहात 'परमरहस्य'च्या ओव्या वाचल्या जायच्या, त्या तिनं ऐकून पाठ केल्या होत्या. ज्यांनी त्या ओव्या मराठीत रचल्या त्यांचं नाव मन्मथ. तिच्यापुरता शब्दकोश तिथंच संपत होता.

मला या एका गोष्टीवर तुमच्याशी भांडायचं आहे, बाकी सगळं तपशिलाचं. तुम्ही नावाचा अर्थ विचारताय. ठेवणाऱ्यानं अर्थ पाहिलेलाच नसतो, त्यानं माणूस पाहिलेला असतो, किंवा देवस्थान. परळीच्या पंचक्रोशीत घरोघर वैजनाथ, औंढ्याकडं नागनाथ, तेरच्या बाजूला गोरोबा, पैठणला एकनाथ. यातल्या कुणाच्या आईनं 'वैजनाथ' शब्दाची फोड केली असेल? तसाच कपिलधारचा मन्मथ. लिंगायत घरांत तो बसवराज, शिवराज, रेवणसिद्ध यांच्या पंगतीला बसतो, आणि पुढं चाळिशी ओलांडली की त्याला 'अप्पा' चिकटतो. हा अप्पा कन्नड मुलखाकडून आलेला, हे उदगीरकराला मी काय सांगावं. तुमचा तालुका तर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होता, निलंगा आणि अहमदपूरसकट.

आता कामदेवाचं. तुमचा प्रश्न रास्त आहे, पण मग तो मदनला का विचारत नाही? अमरकोशाच्या त्याच ओळीत मदन पहिला आहे आणि मन्मथ दुसरा. तुमच्या शाळेत मदन किती होते? त्यांना कुणी हसलं? प्रद्युम्नही त्याच ओळीत. मदन रोजच्या वापरानं गुळगुळीत झालाय, मन्मथ ऐकला की लोक थांबतात आणि मग कोश उघडतात, एवढाच फरक. आणि शिव-कामदेव हे वैर नावं ठेवताना कुणी इतकं मनावर घेत नाही. भागवतात रासाच्या वेळी गोपींपुढं प्रकटलेल्या कृष्णाला 'साक्षान्मन्मथमन्मथः' म्हटलंय, म्हणजे मन्मथाचंही मन घुसळून काढणारा. शब्दाची फोडही तीच, मन मथणारा. मन प्रेमानं मथलं जातं तसं वैराग्यानंही मथलं जातं, असं कीर्तनकार सांगतात. तुम्ही त्याला "सारवासारव" म्हणालात. असेल. पण सारवलेल्या जमिनीवरच आपल्याकडं पाट मांडतात.

अमरकोशच उघडलाय तर आणखी एक गंमत. त्यात मन्मथ दुसऱ्या ठिकाणीही सापडतो, झाडाझुडपांच्या वर्गात. तिथं मन्मथ म्हणजे कवठ! महाशिवरात्रीला आपण गूळ घालून ज्याची चटणी करतो तेच. यावरून नाव पडलं असं मी म्हणत नाही, घाबरू नका. पण होस्टेलमधल्या त्या पंडिताला ही ओळ येत असती तर माझी चार वर्षं जरा बरी गेली असती. 'कवठ्या' मला चाललं असतं.

'मन्मथारी'चं मात्र मागे घेतो. ती पुडी होती. आजोबांचं नाव कुणी कधी मन्मथारी लिहिल्याचं किंवा म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि संतांच्या नावातही ते कुठं नाही. लेख भारदस्त दिसावा म्हणून घुसडलं होतं. तुम्ही पकडलंत.

'मनमत'बद्दल. जुन्या कागदांवर तसं आहे, हे खरंच. आमच्याकडच्या कागदावरही आहे. पण सर, ते कागद कुठल्या लिपीतले? निजामाच्या अमलातलं महसुली दप्तर उर्दूत. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे मन्मथ आणि मनमथ एकसारखेच दिसतात. आणि शेवटच्या 'थ'साठी 'त'ला दोन डोळ्यांचा 'ह' जोडावा लागतो. कारकुनानं घाईत तो गाळला की झालं मनमत. पुढं कुणीतरी तो कागद बघून देवनागरीत उतरवलं आणि मनमत पक्का झाला. शिवाय आपली जीभही त्याला मदत करते. शब्दाच्या शेवटी आलेल्या महाप्राणाला, म्हणजे थ-ध मधल्या 'ह'ला, आपण कुठं जुमानतो? 'दूध' लिहितो आणि 'दूद' पितो. आजीही 'मन्मथ' म्हणताना शेवटी 'त'च म्हणायची. म्हणजे तुमच्या कागदावर नावाचा उच्चार नोंदलाय, मूळ नव्हे. माझ्या वडिलांच्या पेन्शनच्या वेळी या एका 'थ'पायी आम्ही एका कचेरीच्या सात खेपा घातल्या. प्रतिज्ञापत्र केलं, "मन्मथ व मनमत ही एकाच व्यक्तीची नावे आहेत." ते अजून कपाटात आहे. वादात पुरावा म्हणून चालत असेल तर पाठवतो.

संवत्सराचा मुद्दा मला खरं तर आवडला. शके 1877 ला मन्मथ संवत्सर होतं हे बरोबर, साठांतलं एकोणतिसावं. साठ वर्षांनी ते शके 1937 ला पुन्हा आलं, 2015 चा पाडवा ते 2016 चा पाडवा. पण नावं संवत्सरावरून पडत असती तर सगळे मन्मथ एकाच वयाचे निघाले असते. मी सिद्धार्थी नाम संवत्सरातला, मला सिद्धार्थ म्हणायला हवं होतं. आणि मन्मथच्या पुढच्या वर्षाचं नाव दुर्मुख, त्या वर्षी जन्मलेल्यांचं काय करायचं? (2016 च्या पाडव्याला दुर्मुख लागलं आणि चारच दिवसांनी, 12 एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. पंचांगकर्त्यांना दाद द्यावीशी वाटते ती अशा वेळी.) तुमच्या चुलत्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जुळून आल्या असतील, भटजींनी संवत्सर सांगितलं असेल आणि घरात कपिलधार असेलच. जन्म कोणत्या महिन्यातला, तेवढं कळवा.

राहिलं दुर्मीळपण. इथं बायकोचं 'निम्मं खरं' लागू पडतं. मी पुण्यात बसून दुर्मीळ म्हणालो. इथं पंचवीस वर्षांत मला दुसरा मन्मथ भेटलेला नाही. तुमच्या हजेरीपटावर तो दरसाल असायचा. नाव तेच, नकाशा बदलला. ऑफिसात एक बंगाली सहकारी आला तेव्हा हे आणखी पटलं. माझं नाव ऐकून तो उठूनच उभा राहिला, म्हणाला, "मोन्मोथो! माझ्या आजोबांचं नाव." बंगालकडं ते 'नाथ' जोडून चालतं. काकोरी कटातले मन्मथनाथ गुप्त हे बनारसचे, पण बंगालीच.

पण तुम्हीही एक बघा, सर. तुम्ही निवृत्त व्हायच्या आधीची शेवटची पाच-सात वर्षं आठवा. हजेरीत मन्मथ मधल्या जागेवर सरकला नव्हता का? शिवम मन्मथ अमुक, श्रुती मन्मथ तमुक. आपल्याकडं बापाचं नाव मधे लावायची रीत आहे म्हणून एखादं नाव मागं पडलं तरी आणखी एक पिढी टिकतं. माझ्या पोरीच्या शाळेच्या बॅगेवर ते तसंच आहे, आणि तिच्या मैत्रिणी विचारतात, "तुझ्या पप्पांचं नाव साउथ इंडियन आहे का?" तिनं अजून कोश उघडलेला नाही. उघडेल तेव्हा कवठाचं पान आधी दाखवीन म्हणतो.

यंदा कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला जायचा विचार आहे, तिलाही घेऊन. तुम्ही येणार असाल तर धबधब्याजवळ भेटू. मधोमध उभे राहून तुम्ही तुमच्या वर्गातल्या आवाजात एकदाच "मन्मथ!" अशी हाक मारा. किती माना वळतात ते मी मोजतो. पाचाच्या वर गेल्या तर मूळ लेखातला 'दुर्मीळ' मी स्वतः खोडीन.