युनिकोडमध्येही एका अक्षराची दोन रूपे

'युनिकोड आल्यावर चिन्हांकित रोमन अक्षरांचा घोळ संपला' हे आपल्या लेखातील विधान मला पटले नाही. युनिकोड म्हणजे लिप्यांतील अक्षरांना व चिन्हांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक, म्हणजे सांकेतांक, देणारी पद्धत. फ्रेंच 'कॅफे'मधले शेवटचे अक्षर, म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ई (é), दोन प्रकारे साठवता येते: एकाच सांकेतांकाने, किंवा साधा ई आणि त्यामागून त्या रेघेचे जोडचिन्ह अशा दोन सांकेतांकांनी. यूटीएफ-८ या सांकेतांक साठवण्याच्या पद्धतीत पहिल्या रूपाला २ बाइट लागतात, दुसऱ्याला ३, आणि पडद्यावर मात्र दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात.

कोल्हापुरातील आमच्या ग्रंथालयाची सूची संगणकावर चढवताना एकाच फ्रेंच लेखकाच्या दोन वेगळ्या नोंदी झाल्या होत्या आणि शोधात त्यांपैकी एकच सापडे. दोन्ही नावे एनएफसी या (शक्य तिथे एकच सांकेतांक वापरणाऱ्या) प्रमाण रूपात आणल्यावरच त्या जुळल्या. 'दुसऱ्या'मधला आपला 'ऱ'सुद्धा स्वतंत्र सांकेतांकाने किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) जोडून लिहिता येतो, याचा उल्लेख मराठी लेखात तरी हवाच होता.