'ॲम्बिशस' कोणाला म्हणायचं?

"ॲम्बिशस माणूस म्हणजे स्वार्थी माणूस," सुहासने ठोकून दिलं आणि वैशाली उसळली. "का रे? मुलाखतीत तर हाच शब्द गुण म्हणून मोजतात!"

दोघंही आजच्या वापरावरून भांडत होते, म्हणून मी त्यांना रोममध्ये नेलं. लॅटिनमध्ये 'आम्बी' म्हणजे सभोवार, 'ईरे' म्हणजे जाणं. निवडणुकीला उभा राहिलेला रोमन खडूने पांढराशुभ्र केलेला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, चढवून चौकात फिरायचा, भेटेल त्याचा हात हातात घ्यायचा. सोबत एक गुलाम असे. समोरून येणाऱ्याचं नाव तो हळूच कानात सांगे, म्हणजे मतदाराला नावानिशी हाक मारता यायची. मतं मागत असं फिरणं म्हणजे 'आम्बितिओ'. ॲम्बिशस तिथूनच आलं.

"म्हणजे प्रचार! त्यात वाईट काय?"

"वाईट पुढे आहे," सुहासला जोर चढला. ते खरंच होतं. त्याच क्रियापदातून आलेला 'आम्बितुस' हा शब्द रोमन कायद्यात मतं विकत घेण्याच्या गुन्ह्याचं नाव झाला. इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल (रोमचं निवडून येणारं सर्वोच्च पद) असलेल्या सिसेरो या वक्त्याने त्या गुन्ह्याला १० वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा आणली. आणि त्याच वर्षी, त्याच आरोपातून मुरेना या निवडणूक जिंकलेल्या उमेदवाराला सोडवायला उभा कोण राहिला? सिसेरोच! मुरेना सुटलाही.

"बघ!"

"काय बघ? दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाचखोरीचं ओझं आजच्या पोरीने का वाहायचं? अर्थ वापराने ठरतो."

मला वैशालीचं पटतं. चौदाव्या शतकात इंग्रजीत ॲम्बिशन आलं तेव्हा त्याचा अर्थ मानाची, सत्तेची हाव असाच होता, पुढे तो निवळला. तरी मुळातली एक गोष्ट मला सोडवत नाही. आपल्या 'महत्त्वाकांक्षी'तली इच्छा मनातल्या मनातही राहू शकते. रोमनाला मात्र लोकांसमोर जाऊन, आपल्याला काय हवंय ते मागावंच लागायचं. त्या मागण्याची आपल्याला उगाच लाज वाटते.

"मग रात्री जागून काम शिकणारीला काय म्हणशील?" वैशालीने सुहासला विचारलं.

"जिद्दी."

"नाही, ॲम्बिशसच म्हण. तिला वरचं पद हवंय आणि ते ती उघड मागणार आहे."