ग्रीक दह्याचं श्रीखंड आणि पाडव्याचा वाद

गुढीपाडवा जवळ आला की श्रीखंड घरचं की डब्यातलं, हा वाद महाराष्ट्रात ठरलेला. अलीकडे त्याला आम्हा परदेशस्थांसाठी एक शेपूट जोडलं गेलंय: ग्रीक योगर्टचं, म्हणजे पाणी गाळून घट्ट केलेल्या विकतच्या दह्याचं केलेलं ते श्रीखंड म्हणायचं का? ब्रिटनमध्ये बसून बघितलं तर दोन्ही वाद भलतीकडेच चाललेत असं वाटतं. श्रीखंड बिघडतं ते पाण्यामुळे, स्निग्धांशामुळे आणि आंबटपणा चुकल्यामुळे. या तिन्हींबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी दूध. आपल्याकडच्या पिशवीतल्या फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. इथल्या निळ्या झाकणाच्या दुधात साधारण ३.६, हिरव्यात त्याच्या निम्मा. म्हणून हिरव्या बाटलीच्या वाटेला जाऊच नये. निळ्या दुधात लिटरमागे ६० मिली डबल क्रीम घातलं, की ते ६ टक्क्यांपर्यंत पोचतं. या क्रीममध्ये ४८ टक्के स्निग्धांश असतो. उकळी आली की लगेच गॅस बंद न करता दूध पाचेक मिनिटं मंद उकळू द्यावं. त्याने दही घट्ट लागतं. मग ४३ अंशांपर्यंत निववून विरजण लावावं.

थंडीत इथल्या स्वयंपाकघरात दही लागत नाही. भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवून फक्त आतला दिवा लावला तर आठ तासांत लागतं. पण खरी गफलत पुढे होते. आपल्याकडे दही बाहेर टांगलं की पाणी गळता गळता ते आंबटही होत जातं. इथे फ्रिजमध्ये टांगलं तर पाणी गळतं, आंबटपणा मात्र जिथल्या तिथे राहतो. मग श्रीखंड नुसतं गोड, गुळमट लागतं आणि दोष ‘परदेशातल्या दुधाला’ दिला जातो. दही लागल्यावर आणखी दोन तास उबेतच ठेवावं, किंचित आंबूस झालं की मगच टांगावं.

आता ग्रीक योगर्ट. ग्रीसमध्ये न बनलेलं दही ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून विकता येणार नाही, हा निकाल इथल्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये कायम केला. बाकीचे डबे ‘ग्रीक स्टाइल’ म्हणून विकले जातात. त्यातल्या बऱ्याच डब्यांत दही टांगलेलं नसतं, वरून क्रीम घालून घट्ट केलेलं असतं. काहींत स्टार्चही असतो. ओळखायची खूण म्हणजे प्रथिनं. १०० ग्रॅमला ९ ग्रॅमच्या आसपास असतील तर दही गाळलेलं आहे, ४-५ असतील तर नाही. गाळलेलं दही रात्रभर फडक्यात बांधून वर वजन ठेवलं तर उत्तम चक्का मिळतो. त्याला श्रीखंड म्हणायला कसली हरकत?

साखरेच्या बाबतीत तर घरच्यांचा अभिमान जरा तपासायलाच हवा. भारतातल्या अन्नमानकांप्रमाणे श्रीखंडात घन भाग, म्हणजे पाणी सोडून उरलेला, किमान ५८ टक्के हवा आणि त्या घन भागात साखर फार तर ७२.५ टक्के. किमान घन भाग धरला तर १०० ग्रॅममध्ये ४२ ग्रॅम साखर झाली. घरी चक्क्याच्या वजनाइतकी साखर घातली की ती होते ५० ग्रॅम! अर्धा किलो चक्क्याला ३०० ग्रॅम पुरते. इथली आयसिंग शुगर वापरू नये, तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही ना काही मिसळलेलं असतं. बारीक दाण्याची कास्टर शुगर घ्यावी, मिसळून तासभर ठेवावी, मग पुरणयंत्रातून काढावं. मिक्सरला लावलं तर चक्क्याची घडण मोडते आणि श्रीखंड पातळ होतं. आम्रखंडाला डब्यातला आमरस थेट ओतू नये. आटवून निम्मा करावा, पूर्ण गार करावा आणि तो गोड केलेला असेल तर साखर कमी करावी.

हे सगळं टीव्हीवर कुठे ऐकू येतं? आपल्या पाककृतींच्या कार्यक्रमांत पदार्थ कधी बिघडतच नाही. सूत्रसंचालक चमचा तोंडात घालायच्या आधीच ‘अप्रतिम’ म्हणतो. इथल्या ‘बेक ऑफ’ या टीव्हीवरच्या बेकिंगच्या स्पर्धेत, २०१० पासून, परीक्षक केक कापून तळ कच्चा का राहिला ते सांगतात. २०१४ मध्ये बेक्ड अलास्का, म्हणजे केकवर आइसक्रीम आणि वरून अंड्याच्या फेसाचा भाजलेला थर, करताना एका स्पर्धकाचं आइसक्रीम फ्रीझरबाहेर राहून वितळलं आणि त्याने सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. देशभर गहजब झाला, पण ऑफिसातल्या चहाच्या गप्पांचा विषय काय, तर आइसक्रीम बाहेर राहिलं किती वेळ आणि तेवढ्यात ते वितळेल का! आपल्या मालिकांवरच्या गप्पा याहून रंगतदार असतात, हे मान्य. पदार्थांवरच्या मात्र नाहीत.

हॉटेलातला गोड पदार्थ कमी दर्जाचा, असंही नाही. जिलबी बाहेरच खावी. आंबवलेलं पीठ, पसरट कढई आणि सतत जागता पाक घरी चार माणसांसाठी कोण सांभाळणार? श्रीखंडाला मात्र फडकं आणि फ्रिज पुरतो, त्यामुळे ते घरीच करावं.

पाडव्याच्या एखाद्या टीव्ही कार्यक्रमात पातळ झालेलं श्रीखंड दाखवावं. ते पुन्हा फडक्यात बांधायचं नसतं, कारण आता पाण्याबरोबर साखरही निघून जाते. साखर घालायच्या आधीच १०० ग्रॅम कोरा चक्का बाजूला काढून ठेवावा, लागेल तसा चमच्याचमच्याने मिसळावा आणि श्रीखंड चार तास गार होऊ द्यावं.