टेपपुढे कुणाचं चालत नाही

सोलापुरात प्लॉटचा सौदा गुंठ्यात होतो, सातबारा आरमध्ये असतो आणि बांधकाम परवाना चौरस मीटरमध्ये मिळतो. सगळ्या भानगडीचं मूळ इथंच आहे. दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र दोन आर, म्हणजे 200 चौरस मीटर, म्हणजे 2153 फूट. पंचवीस फूट सही करायच्या आधीच हवेत! एवढ्यात एक न्हाणीघर बसतं.

पुढं मोजणी. मोजणीच्या नकाशाची जी ‘क’ प्रत मिळते, तिच्यात 196 चौरस मीटर निघतात. जागेवर आर्किटेक्टची टेप 193 दाखवते, कारण शेजाऱ्याचं कंपाउंड दरवर्षी थोडं थोडं अंगानं भरतं. नियम असा की कागदावरचं, मोजणीचं आणि जागेवरचं, या तिन्हींत जे सगळ्यांत कमी तेच धरायचं. एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं, गणित त्या 193 वर. भाड्याच्या चार खोल्यांचा हिशेब दोन गुंठ्यांवर मांडलेला असतो, तो इथं तीन खोल्या आणि एका कोठीवर येतो. खरेदीआधी मोजणी करा, हे सांगून माझी जीभ झिजली. लोक आधी टोकन देतात.

डिसेंबर 2020 पासूनची बांधकामाची एकत्रिकृत नियमावली तशी दयाळू आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नकाशा आणि शुल्क भरल्याची पोच हाच परवाना. 150 ते 300 ला दहा दिवसांत परवाना. फक्त अर्ज ‘परिपूर्ण’ हवा. सातबाऱ्यावर वारस म्हणून एक आत्या जास्त निघाली की दहातला पहिला दिवस उजाडतच नाही. सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज 68 लिंगांची प्रदक्षिणा करून परत येतात, फाईल अजून आत्याच्या सहीपाशी. विमानतळाच्या बाजूला प्लॉट असेल तर उंचीची ना हरकत वेगळी. उंचीचं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. जून 2023 मध्ये पाडलेली साखर कारखान्याची चिमणी सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली आहे.

खरी परीक्षा जोत्याला. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा. मालक म्हणतो, “चार फुटांत भागवा की.” मातीला ते ऐकू येत नाही. जोत्यातली भर सहा-सहा इंचांचे थर, पाणी, धुमस अशीच करायची; एकदम ट्रॅक्टर पालथा केला तर वर्षभरात फरशी वाजायला लागते. पण तपासणीत टेप पडते ती मार्जिनवर, म्हणजे हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेवर. बोअरला जागा हवी म्हणून मिस्त्रीनं कॉलमची लाईन नऊ इंच सरकवलेली असते. नकाशातलं दीड मीटर जागेवर 1.27 भरतं. जोत्यालाच सापडलं तर एक दिवसाची तोडफोड, स्लॅबनंतर सापडलं तर ब्रेकर. म्हणून जोत्याचा दाखला हातात पडेपर्यंत वरच्या कॉलमची सळई बांधायची नाही. रोजंदारी बुडते म्हणून मिस्त्री रुसतो. रुसू द्यावा.

कोरड्या, तापलेल्या हवेत काँक्रीटला निदान दहा दिवस पाणी हवं, पीपीसी म्हणजे राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा. नळ येतो काही दिवसांआड, तोही त्याच्या सोयीनं. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही. सरकारला जाणारा एक टक्का कामगार उपकरही नाही.

मग भोगवटा, म्हणजे इमारत वापरायला मिळणारा दाखला. नकाशात पार्किंग, जागेवर शटर. नकाशात उघडी गॅलरी, जागेवर सरकत्या काचा आणि आत भाडेकरूची कॉट. “घरपट्टी तर भरतोय की!” हा युक्तिवाद फार लोकप्रिय आहे. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. आणि भोगवट्याशिवाय बँक शेवटचा हप्ता सोडताना खळखळ करते. तपासणीपुरत्या काचा उतरवून कॉटखाली ठेवा, असा सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. टेपवाला काचा शोधतच नाही. तो चौकटीतली स्क्रूची भोकं मोजतो.