माळ दाखवणारा माणूस

गेल्या महिन्यात पुतण्याशी फोनवर जुंपली. विषय नान्नजचा, म्हणजे तिथल्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा. सोलापुरातून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर, पण हा गडी कितीतरी वर्षांत तिकडं फिरकलेला नाही. "काका, माळढोकच दिसत नाही तर जाऊन बघायचं काय ओ? नुसतं मोकळं रान." मग घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. एकांचं म्हणणं, अभयारण्यानं शेतकऱ्याला छळलं, उरलेलंही उठवा. दुसऱ्यांचं, मोठा मनोरा बांधा, बाग करा, हॉटेल काढा, मग लोक येतील. मला दोन्ही पटलं नाही.

मी मेलबर्नला राहतो. इथून दीड-दोन तासांवर फिलिप बेट आहे, पूल ओलांडून गाडीनं जाता येतं. जगातले सगळ्यात लहान पेंग्विन, जेमतेम ३३ सेंटिमीटर उंचीचे, दिवस मावळला की तिथं समुद्रातून वर येतात आणि आपापल्या बिळांकडं चालू लागतात. फोटोला सक्त बंदी. पहिल्या वेळी सोलापुरी चादर पांघरून वाळूसमोर बसलो होतो, तेव्हा ती बंदी मला जाचली. पण मोबाईल खिशात गेल्यावर कान उघडले. शेजारी उभी असलेली रेंजर हळू आवाजात सांगत होती: पाण्याच्या कडेला ते घुटमळतात, कारण उघड्या वाळूवर जिवाची भीती असते; एकटा कुणी निघत नाही, घोळका जमला की सगळे मिळून सुटतात. रेल्वेचा दरवाजा उघडल्यावर प्लॅटफॉर्मवर गर्दीचं काय होतं हे ठाऊक असणाऱ्या माणसाला ते लगेच कळावं!

परत निघताना पार्किंगमध्ये पाटी दिसली: गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, पेंग्विन असेल. माझी सात वर्षांची मुलगी गुडघे टेकून चारही चाकांमागं बघून आली. आता घरासमोरही बघते, मांजर असेल म्हणून.

हे सगळं फुकट झालेलं नाही. बेटाच्या त्या टोकावर बंगल्यांची वसाहत होती. पेंग्विनांसाठी सरकारनं १९८५ मध्ये ती विकत घ्यायला सुरुवात केली, शेवटचं घर उठायला २०१० उजाडलं. लोकांना पैसे मिळाले. आपल्याकडं १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. जमीन विकायला अडचण, बांधायला अडचण. पुढं ते १,२२२ वर आणलं. शेतकऱ्याचा राग खरा आहे, आणि तिथल्या सुट्टीच्या बंगल्यांशी आपल्या ज्वारीच्या रानाची तुलना मी करणार नाही. तिथलं तिकीटही चार माणसांच्या घराला जड जातं.

पण ती सांगणारी बाई आपल्याला हवी.

माळ म्हणजे पडीक जमीन, हे आपण धरूनच बसलोय. माळढोक मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. तिला लांबवर दिसणारं गवत लागतं. तिथं झाडं लावली, बाग केली की तिचं घर गेलं. देशात आता दीडशेच्या आसपासच पक्षी उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. पण काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, धाविक, चंडोल हे पक्षी आहेत. माळढोक दिसला नाही म्हणजे माळ रिकामा, असं होत नाही.

मी दहा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील मला तिकडं घेऊन गेले होते. एक धनगर मामा वाटेत भेटले. चालता चालता त्यांनी माझा दंड धरला. "पाय जपून, बाळा." पुढं नुसते खडे होते. बराच वेळ बघितल्यावर त्यातले चार खडे टिटवीची अंडी निघाली. वर टिटवी ओरडून आकाश डोक्यावर घेत होती. त्या दिवशी माळढोक दिसला नाही, आणि मला तो आठवलाही नाही.

मनोऱ्याचा खर्च वाचवा. त्या पैशात आसपासच्या गावांतली दहा मुलं-मुली, मेंढ्यांमागं फिरणारी, शिकवून उभी करा. त्यांना पगार द्या. पंचवीसजणांच्यावर एका वेळी कुणाला आत सोडू नका.

डिसेंबरात येतोय. पुतण्याला सांगितलंय, पहाटे साडेपाचला निघायचं, शेंगाचटणी-भाकरी सोबत, आणि गावातल्या कुणा मेंढपाळाशी आधी बोलून ठेवायचं. तो "बघू" म्हणालाय.